लाकडाचा कल

व्याकरण आणि साहित्यविचार शिकवण्यात वीसेक वर्षे घालवलेल्या दोन माणसांनी सुतारकामावर लिहावे, हे आम्हांलाही काहीसे आगाऊपणाचे वाटते. लेखणीचे आणि पटाशीचे नाते सांगणारी वाक्ये मराठीत पुष्कळ सापडतील. ती लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी पटाशी हातात धरली असेल, याविषयी शंका घेण्यास मात्र जागा आहे. आम्हीही त्यांतलेच. 'घडीव शैली', 'तासून घेतलेली ओळ' असे शब्दप्रयोग वर्गात सहज करून मोकळे होत होतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सागवानाची एक ढलपी आमच्या डोळ्यांदेखत उडाली, आणि या सगळ्या शब्दांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. हा लेख त्या ढलपीविषयी आहे.

लाकूड झोपाळ्याचे होते. राजापूर तालुक्यातील आमच्या जांभ्या दगडाच्या घरात ओटीवर तो टांगलेला असे. ५ फूट लांब, २२ इंच रुंद, दीड इंच जाडीची एकसंध फळी आणि चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या. अण्णा त्यावर बसून वर्तमानपत्र वाचत, आई तांदूळ निवडत, आणि गणपतीला जमलेली पोरे त्यावर एका वेळी किती मावतात याची दरवर्षी परीक्षा घेत. २०२१ साली अण्णा गेले. २०२३ साली आम्ही घर विकले आणि आईंना पुण्यास घेऊन आलो. (त्या आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई, दोघांच्याही बोलण्यात त्या आईच आहेत, म्हणून येथेही तसेच लिहितो.) सामान काही वाटले, काही विकले, झोपाळ्याची फळी तेवढी टेंपोत घातली. आमच्या सदनिकेत झोपाळा टांगावा अशी तुळई नाही, आणि असती तरी हलत्या फळीवरून उठणे आईंच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. दीड वर्ष ती फळी पलंगामागे भिंतीला टेकून उभी होती. तिची एक खुर्ची करावी, हे आम्ही एका रविवारी ठरवले.

खुर्ची साधीच योजली होती. वेताची बैठक, किंचित मागे झुकलेली पाठ, आणि दोन रुंद हात. या हातांवरच आमचा सगळा भर होता. गुडघे दुखणारे माणूस खुर्चीतून पायांनी उठत नाही, हातांनी उठते. हाताचे पुढचे टोक तळव्यात नीट मावले पाहिजे, त्यावर भार देता आला पाहिजे. म्हणून हात मध्ये थोडा बारीक होत जाऊन पुढे गोलसर नाकासारखा रुंदावलेला, असे चित्र आम्ही काढले. दोन मागचे पाय, दोन पुढचे पाय, दोन हात, चार आडव्या पट्ट्या, असे एकूण दहा भाग. कड्यांची भोके आणि कडेची एक जुनी चीर वगळून ते फळीवर मांडले तेव्हा कळले, की अकराव्या भागाला लाकूड नाही. एकही भाग बिघडून चालणार नव्हता.

फळी चिरून घेण्यासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत गेलो. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी फळी उलटी केली आणि एका कडीच्या भोकाजवळ बोट ठेवले. खालच्या अंगाला बोटभर लांबीचा, डमरूच्या आकाराचा लाकडाचा तुकडा बसवलेला होता. कधीकाळी तिथे फळी तडकली असावी आणि कुणा सुताराने ती तड पुढे जाऊ नये म्हणून तो डमरू दोन्ही बाजूंत रुतवला असावा. ज्या झोपाळ्यावर आम्ही उभे राहून, पडून, लोंबकळून बालपणीच्या सुट्ट्या घालवल्या, त्याचे हे खालचे अंग प्रथमच पाहत होतो. "चांगल्या हाताचं काम आहे," मिस्त्री म्हणाले. तो भाग त्यांनी खडूने खूण करून वेगळा कापला आणि आमच्या हाती दिला. "टाकू नका. सागाचा तुकडा कधी टाकायचा नाही."

आता यंत्राविषयी थोडे. राउटर म्हणजे मुठीत धरता येईल अशी, खाली फिरते पाते असलेली मोटार. फर्निचरच्या दुकानातील कपाटांच्या कडांना जी गोलाई किंवा नक्षी असते ती बहुधा याच यंत्राची. वेडावाकडा आकार काढायचा तर आधी त्याचा फर्मा करतात. आम्ही तो १२ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा केला. फर्मा लाकडावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसवायचा. पात्याच्या दांडीवर एक छोटे बेअरिंग असते. ते फर्म्याच्या कडेवरून घरंगळत जाते आणि पाते लाकडाला नेमका तोच आकार देते. कुणालाही जमावे असे हे काम आहे, असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

आमचे यंत्र मिनिटाला २२,००० फेरे घेत होते. पात्याला दोन धारा, म्हणजे मिनिटाला ४४,००० घाव. त्या मिनिटात यंत्र २ मीटर पुढे सरकले, तर एका घावाच्या वाट्याला पाच शतांश मिलिमीटरहूनही कमी लाकूड येते. डोक्यावरच्या केसाची जाडीदेखील सहसा याहून जास्त असते. इतक्या बारीक घासाने लाकूड फाटेल कसे, हा प्रश्न आम्हांला तेव्हा पडला नाही. नवशिक्याला संरक्षण देणारी गोष्ट म्हणजे त्याचे अज्ञान, असे म्हणतात. आम्हांला तेही संरक्षण लाभले नाही.

कार्यशाळा म्हणजे आमची गॅलरी. पुण्यात दुपारी १ ते ४ या वेळेत असले यंत्र चालवण्याचे धाडस कुणी करणार नाही, म्हणून सकाळी ११ ते १ ही वेळ ठरली. कानांवर आवाज अडवणारे बोंडे, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मुखपट्टी. सागाचा भुसा घशात आणि त्वचेवर झोंबतो. आधी डावा हात केला. जिगसॉने बाहेरचे लाकूड उडवून फर्म्याच्या रेषेबाहेर थोडे ठेवले, तुकडा मेजावर वरचे अंग वर ठेवून आवळला, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे यंत्र डावीकडून उजवीकडे चालवले. कड अशी गुळगुळीत निघाली की आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. लगेच उजवा हात घेतला. तोच फर्मा उलटा करून लावलेला, तेच पाते, तीच दिशा, तोच वेग. मधला बारीक भाग ओलांडून यंत्र नाकाच्या चढणीला लागले आणि काडकन आवाज झाला. यंत्र हातात उसळले. बंद करून पाहिले तो नाकाच्या बाहेरच्या अंगाची अडीच इंच लांबीची ढलपी नाहीशी झाली होती. ती निव्वळ बाहेरच्या टाकाऊ भागातून निघाली असती तर बिघडले नसते. पण ती रेषेच्या आत, चांगल्या लाकडात खोलवर शिरून मग सुटली होती. जिथे आईंचा तळवा टेकायचा नेमके तिथे दातेरी खड्डा पडला होता.

ढलपी कठड्यावरून खाली गेली असणार. खाली जाऊन स्कूटरींच्या मध्ये, कुंड्यांच्या मागे तासभर शोधली. ती मिळाली असती तर फेविकॉलने होती तिथे बसवता आली असती. मिळाली नाही.

वर आलो तेव्हा आई गॅलरीच्या दारात उभ्या राहून तो तुकडा हातात फिरवून पाहत होत्या. आम्ही काहीतरी बोलू लागलो, पात्याच्या धारेविषयी वगैरे. त्यांनी अंगठा नाकाकडून मागे नेला, मग मागून नाकाकडे आणला. म्हणाल्या, "खवलं काढताना शेपटीकडून सुरी लावतात. तुम्हांला लाकडाची खवलं काढायची होती का रे?"

त्या दुपारी यंत्र बंद ठेवून आम्ही तो तुकडा भिंगाखाली पाहिला, आणि आईंचे वाक्य हे सगळ्या प्रकरणाचे पूर्ण निदान आहे हे हळूहळू ध्यानी आले. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. सरळ फळीतून वक्र आकार कापला की तंतू आपले सरळच राहतात, कड तेवढी वाकते. त्यामुळे कडेच्या काही भागात तंतूंची टोके माशाच्या खवल्यांसारखी एका बाजूला झुकून संपतात आणि काही भागात त्याच्या उलट बाजूला. रुंद भागाकडून बारीक भागाकडे धार गेली तर ती खवल्यांवरून डोक्याकडून शेपटीकडे जाते. तंतू दाबले जातात आणि कापले जातात. बारीक भागाकडून रुंद भागाकडे, म्हणजे चढणीला, गेली तर धार तंतूंच्या खाली शिरते आणि पाचरीसारखी त्यांना उचलते. उचललेला तंतू कापला जाण्याआधीच आपल्या लांबीत चिरत पुढे जातो. बांबूला कोयत्याचे एक टोक लावले की पुढची चीर कोयत्याच्या आधी पळते, तसेच हे. ती चीर कुठे जायचे ते धार ठरवत नाही, तंतू ठरवतात. आणि तंतूंचा रोख आत असेल तर ती आत जाते. घास पाच शतांशाचा का असेना, फाटणे त्या हिशेबाने चालत नाही. बाहेर टाकाऊ लाकूड जितके जाड, तितकी त्या पाचरीला तरफ मोठी. सुतारांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. डाव्या हाताला आम्ही जेमतेम अर्धे सूत बाहेर ठेवले होते. उजव्याच्या नाकाशी जिगसॉ नीट वळली नाही, म्हणून तीन सूत राहू दिले होते. यंत्र आहे की, ते काढील, असे आम्ही म्हणालो होतो.

पण डावा हात सुटला आणि उजवाच का फाटला, हा प्रश्न उरतोच. दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. याचे उत्तर मिळाले तेव्हा आम्हांला खरोखर आश्चर्य वाटले. खुर्चीला डावे-उजवे असते, यंत्राला नसते. वरून पाहिले असता पाते नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरते. त्याच्या फिरण्याला विरोध होईल अशा रीतीने चालवायचे म्हणून बाहेरच्या कडेवर ते डावीकडून उजवीकडे न्यावे लागते. (यंत्र मेजाखाली उलटे बसवून लाकूडच सरकवायचे असेल, तर उजवीकडून डावीकडे.) आता डाव्या हाताच्या बाहेरच्या कडेसमोर उभे राहिले की नाक डावीकडे येते, म्हणजे यंत्र नाकाकडून मागे, उतरणीला जाते. उजव्या हातासमोर उभे राहिले की नाक उजवीकडे येते आणि तेच यंत्र, तीच दिशा, चढणीला लागते. आम्ही दोघांना अगदी समान वागवले होते, आणि म्हणूनच त्यांतला एक फाटला.

दुसऱ्या दिवशी तुकडा घेऊन पुन्हा वखारीत गेलो. मिस्त्रींनी तो पाहिला आणि विचारले, "फर्मा वरूनच लावला होता ना दोन्ही वेळी?" होय म्हटल्यावर ते म्हणाले, "मशीन उलटी फिरत नाही सर. लाकूड उलटं करा."

त्या एका वाक्यात अर्धे शास्त्र आहे. तुकडा पालथा घातला की त्याची चढण यंत्राच्या दृष्टीने उतरण होते. फर्मा काढावा लागत नाही. तो आता तुकड्याच्या खाली येतो. फक्त बेअरिंग वर असलेल्या पात्याऐवजी बेअरिंग टोकाशी, खाली असलेले पाते लावायचे. अशी दोन पाती जवळ असली, किंवा दोन्हीकडे बेअरिंग असलेले एक असले, की वक्र कडेचा प्रत्येक भाग उतरणीनेच कापता येतो: अर्धा भाग एका अंगाने, उरलेला दुसऱ्या अंगाने. उरलेल्या आठ भागांवर आम्ही आधी पेन्सिलीने बाण काढले. प्रत्येक उंचवट्यापासून खोलगटाकडे एकेक बाण. जिथे दोन बाण समोरासमोर येतात ती जागा दोन्हीकडून थोडी थोडी घ्यायची. सागाची रेषा बहुधा सरळ असते. पण गाठीच्या आसपास ती वळसा घेते, आणि तिथे फळीचा आकार पाहून काढलेला बाण खोटा ठरतो. तिथे बोट फिरवूनच पाहावे लागते.

उरलेले अर्धे शास्त्र मिस्त्रींनी दोन-तीन फेऱ्यांत, चहाच्या निमित्ताने सांगितले. यंत्राला काम उरवू नये. करवतीनेच रेषेच्या अर्ध्या सुतापर्यंत यावे. एवढ्या जाडीचे लाकूड एका दमात न घेता पाते थोडे थोडे खाली सोडत दोन-तीन फेऱ्यांत घ्यावे. आडव्या टोकाशी, जिथे धार लाकडातून बाहेर पडते, तिथे शेवटच्या तंतूंच्या मागे काहीच नसते. धार त्यांना कापत नाही, ढकलून देते. म्हणून तिथे एक टाकाऊ तुकडा शिकंजाने घट्ट लावून ठेवायचा. फाटायचे ते त्या तुकड्याचे फाटते. चारही बाजू करायच्या असतील तर आधी टोकाच्या आडव्या बाजू कराव्यात, मग लांबीच्या. म्हणजे आडव्या बाजूला कोपरा थोडा उडाला तरी लांबीची बाजू घेताना तो दोष निघून जातो. सागात वाळूचा अंश असतो. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला सिलिका म्हणतात. त्यामुळे कार्बाइडची धारदेखील सागावर लवकर बोथट होते, आणि बोथट धार कापण्याआधी उचलते. भुशाला जळका वास आला की पाते बदलावे. दोन्ही टोकांकडून आत दाबणाऱ्या पिळाची महाग पातीही मिळतात; वरचा पीळ खाली दाबतो, खालचा वर, त्यामुळे दोन्ही पृष्ठांच्या कडा शाबूत राहतात.

एक युक्ती मात्र त्यांनी आम्हांला सांगताना आवाज खाली आणला. पाते ज्या दिशेने यंत्राला ओढू पाहते त्याच दिशेने, म्हणजे नेहमीच्या उलट चालवले, तर धार बाहेरून आत येते आणि तंतूंना लाकडाकडे दाबते. फाटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पण यंत्र स्वतःच पुढे धावू लागते, हातातून सुटू शकते. शेवटचा कागदाएवढा थर काढताना, तुकडा पक्का आवळलेला असताना आणि दोन्ही हात यंत्रावर असतानाच हे करायचे. मेजावरच्या यंत्रात हाताने लाकूड सरकवताना कधीही नाही. "आणि सर, हे नवीन माणसाला सांगायचं नाही," ते म्हणाले. आम्ही नवीनच होतो. बहुधा एक ढलपी उडवल्यावर माणूस नवीन राहत नसावा.

मराठीत 'कलाकलाने घेणे' हा प्रयोग आपण माणसांविषयी करतो. हट्टी मुलांविषयी, आजाऱ्यांविषयी, म्हाताऱ्यांविषयी. त्यात थोडीशी चुचकारण्याची, वेळ मारून नेण्याची छटा असते. लाकडापाशी आल्यावर तो शब्द आम्हांला निराळा दिसला. कल म्हणजे झुकाव, रोख. तो लाकडात असतोच. आपण यंत्र लावण्याआधीपासून असतो. कलाने घेणे म्हणजे हळुवारपणा नव्हे. ४४,००० घाव घालणारे यंत्र हळुवार नसते. कलाने घेणे म्हणजे कुठून सुरुवात करायची आणि कुठे मागून आधार द्यायचा, हे आधी पाहून घेणे. याउलट चुका दाखवण्यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते पाहावेत: खरडपट्टी काढणे, सालटी काढणे, सोलून काढणे. सगळे उलट्या रेषेचे. पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध तपासताना त्यांच्या बोलीतली वाक्ये आम्ही कितीदा एका फटक्यात प्रमाण करून टाकली आहेत, आणि लाल शाईबरोबर त्या वाक्यातला चांगला भागही कसा निघून गेला आहे, हे त्या दिवसांत आठवत राहिले.

पण ते दुय्यम. मुख्य गोष्ट आम्ही दोघेही काही दिवस एकमेकांशी बोललो नाही. २०२३ सालच्या मे महिन्यात घराचा व्यवहार ठरला तेव्हा आईंना विचारले होते, असे आम्ही सर्वांना सांगतो. विचारले होतेच. पण गिऱ्हाईक ठरले होते, विसार घेतला होता, सुट्टी संपत आली होती, आणि मग विचारले होते. आठ दिवसांत आटोपले. शेजारणींकडे जाऊन येण्यापुरता वेळ त्यांना मिळाला नाही. पावसाळ्यापूर्वी आंब्याची साठे घालायची राहिली. त्यांना गुडघे दुखतात, एकटे राहणे शक्य नाही, पुण्यात डॉक्टर आहेत: आमची सगळी कारणे खरी होती, आजही खरी आहेत. न्यायचे होते यात चूक नव्हती. तीन सूत लाकूड एका घासात घेतले आणि मागे कोणताच आधार ठेवला नाही, ही चूक होती. त्यानंतर दीड वर्षात आईंनी तक्रार केली नाही. आम्ही ते समाधान समजलो.

उजव्या हाताची दुरुस्ती मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे आम्हीच केली, यंत्राविना. फाटलेल्या जागेचे दाते पटाशीने काढून तिथे सपाट, उतरती बैठक केली. वखारीत वेगळा काढलेला तो डमरूजवळचा तुकडा घेतला. त्याच्या रेषा हाताच्या रेषांना जुळतील असा भाग निवडला, त्याचा कल हाताच्या कलाशी मिळवला, आणि फेविकॉल लावून रात्रभर शिकंजात ठेवला. मग कानशीने, शेवटी काचेच्या धारेने खरवडून, आणि काचकागदाने नाकाचा आकार आणला. हे सारे उतरणीने. उरलेले आठ भाग यंत्रावर झाले. त्यांतल्या एका पायाला गाठीपाशी नखभर कचर गेली, तेवढेच. जवसाचे तेल लावल्यावर ठिगळाच्या जागी केसाएवढी रेषा राहिली. माहीत नसलेल्याला ती दिसत नाही. बोटांना मात्र कळते.

खुर्ची संक्रांतीच्या सुमारास पुरी झाली. आई बसल्या, दोन्ही हातांच्या नाकांवर तळवे ठेवून एकदा उठून पाहिले, पुन्हा बसल्या. उजवा अंगठा त्या रेषेवर गेला आणि तिथेच फिरत राहिला. आम्ही सांगून टाकले: ढलपी, शोधाशोध, ठिगळ आणि ते लाकूड कुठले तेही.

"ते डमरूचं होय," त्या म्हणाल्या. "गणपतीत सात पोरं चढली होती. कडीपाशी तडकलं. अण्णा म्हणाले नवीन फळी करू. सुतार म्हणाला, फळीला काय झालंय, सांधून देतो. चार दिवस झोपाळा खाली काढून ठेवला होता. चार दिवस ओटी कशी रिकामी वाटत होती."

मग बराच वेळ कुणी बोलले नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याच्या बेतात होते, ते आमच्यापैकी एकाने जाऊन बंद केले आणि परत येऊन खाली बसलो. दोघेही खुर्चीच्या मागे नव्हे, समोर बसलो. घरातून निघताना तुम्हांला काय वाटले होते, हा प्रश्न आम्ही दीड वर्ष उशिरा विचारला.

आईंनी लगेच उत्तर दिले नाही. अंगठा रेषेवरून मागेपुढे जात होता. आम्ही थांबलो. त्या दिवशी आम्हांला कुठेही जायचे नव्हते.